ट्रॅक्टर-ट्रॉलीचा ब्रेक कसा लावावा

काटोल-नरखेडकडून संत्री भरून नागपूरच्या कळमना बाजाराकडे निघणाऱ्या चालकाने वावरातून डांबरी रस्त्यावर येण्यापूर्वी उजव्या-डाव्या चाकांचे दोन्ही ब्रेक पेडल खटक्याने न चुकता जोडावेत. धुऱ्याजवळ आखूड वळण घेण्यासाठी हे पेडल सुटे ठेवलेले असतात; परंतु रस्त्यावर वेगात असताना घाईने एकच पेडल दाबले गेले, तर मागचे एकच चाक अडते, ट्रॅक्टर त्या बाजूला झटक्याने ओढला जातो आणि उलटूही शकतो. खटका लावल्यावर दोन्ही पेडल एकत्र खाली जातात का, हे पायाने दाबून पाहावे.

उतारावर डिझेल वाचवण्यासाठी ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय मला सर्वांत घातक वाटते. उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकावा आणि क्लचवरून पाय काढावा, म्हणजे इंजिनच वेग रोखून धरते. भरलेल्या ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील, तर ती ट्रॅक्टरला मागून ढकलते आणि वळणावर जोरात ब्रेक लावल्यास दोन्ही कात्रीसारखे दुमडतात; म्हणून वेग वळणाआधी, सरळ रस्त्यावरच कमी करावा.

पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल टायरच्या खाचांत बसला की पकड जाते, तेव्हा पुढच्या वाहनापासून अधिक अंतर ठेवावे. मडगार्डवर कोणालाही, अगदी घरच्या मुलांनाही, बसवू नये. ट्रॅक्टर उभा करताना पार्किंग ब्रेक लावावा, इंजिन बंद करावे आणि किल्ली काढून घ्यावी.