लेबलावर जाऊ नका: बायकांच्या कुस्तीच्या जुन्या कॅसेटी आणि मासिकं कशी वाचवायची

हे काम होळी झाली की काढायचं आणि मे संपायच्या आत उरकायचं. पाऊस लागला की आमच्या परळच्या जुन्या इमारतीत कपाटामागच्या भिंतीला ओल धरते. मग कॅसेटींचा खोका उघडायचाच नाही.

आधी निवड. नव्वदीत केबलवरून भरलेल्या कॅसेटींवर भावाच्या अक्षरात 'अंडरटेकर', 'ब्रेट हार्ट' असली पुरुष पहिलवानांची नावं लिहिलेली असतात. पण तेवढ्यावरून त्या भंगारात घालू नका. बायकांची फाईट त्याने मुद्दाम कधीच भरली नाही, पण दोन मोठ्या फाईटींच्या मध्ये उठून स्टॉप दाबायचा त्याला कंटाळा. त्या कंटाळ्यावरच माझा अर्धा संग्रह उभा आहे. 1994 चा समरस्लॅम, म्हणजे अमेरिकन कुस्तीचा मोठा वार्षिक कार्यक्रम, लोकांना खऱ्या आणि तोतया अंडरटेकरच्या फाईटीसाठी आठवतो, मला अलंड्रा ब्लेझ आणि बुल नाकानो या दोघींच्या फाईटीसाठी. नाकानो जपानची. केस ताठ उभे, तोंडावर रंग, आमची आई पोळ्या सोडून बाहेर आली आणि म्हणाली, "ही कोण गं बया?" त्या दिवशी नाकानो हरली, पण नोव्हेंबरात टोकियो डोममध्ये तिने ब्लेझकडून विजेतेपदाचा पट्टा घेतला. तेव्हा प्रत्येक कॅसेट शेवटपर्यंत बघा. मधल्या जाहिरातीही राहू द्या, त्यांच्यावरून साल लागतं.

चालवण्याआधी कॅसेट उजेडात धरा. खिडकीतून टेपची गुंडाळी दिसते. तिच्या कडेवर पांढरी भुकटी किंवा जाळं दिसलं तर ती बुरशी. अशी कॅसेट मशीनमध्ये घालायची नाही. बुरशी मशीनच्या हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला. ती वेगळ्या पिशवीत बांधून जाणकाराकडे द्या. चांगली असेल तर मागच्या कडेची छोटी प्लास्टिकची पट्टी तुटलेली आहे ना बघा. नसेल तर तोडा, म्हणजे चुकून वर काही भरलं जाणार नाही. पट्टीच्या भोकावर कुणी सेलोटेप लावली असेल तर ती काढा. पुन्हा रेकॉर्डिंग करायची ती जुनी युक्ती.

आता मशीन. लॅमिंग्टन रोडला विचारत फिरा, चालू व्हीसीआर अजून निघतो. घेताना आपली एक बिनमहत्त्वाची कॅसेट बरोबर न्या आणि दुकानातच लावून बघा. अमेरिकेहून किंवा जपानहून आलेल्या कॅसेटी असतील तर मशीन एनटीएससी, म्हणजे तिकडची टीव्हीची पद्धत, चालवतं का, हे विचाराच. आपली पद्धत पाल, तिचं चित्र 625 रेषांचं, त्यांचं 525 रेषांचं. साध्या मशीनवर चित्र काळं-पांढरं होतं नाहीतर वर सरकत राहतं, आणि माणूस समजतो कॅसेट गेली. जपानी बायकांच्या किती कॅसेटी या गैरसमजापायी फेकल्या गेल्या असतील, देव जाणे.

कॉपीसाठी यूएसबी कॅप्चर कार्ड पुरतं, ते व्हीसीआरचं चित्र कॉम्प्युटरवर उतरवतं. कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून घ्या, मग सलग भरा. फाईलच्या नावात साल, कोण विरुद्ध कोण आणि कितव्या मिनिटाला, एवढं टाका. मूळ कॅसेट उभी ठेवायची, पुस्तकासारखी, झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून.

मासिकांचा त्रास वेगळा. फोर्टातल्या आणि किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर 'प्रो रेसलिंग इलस्ट्रेटेड' या अमेरिकन कुस्तीच्या मासिकाचा जुना अंक दिसला तर मुखपृष्ठ बघून सोडू नका. बायका आत असतात, निकालांच्या बारीक अक्षरांत नाहीतर पानाच्या कोपऱ्यात. घरी आणल्यावर आधी पिना बघा. गंजल्या असतील तर मागून हळूच सरळ करून काढा आणि सुती दोऱ्याने शिवा. गुळगुळीत पानं दमट हवेत एकमेकांना चिकटतात. ती ओढायची नाहीत. कसर दिसली तर अंक प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून आठवडाभर फ्रीजरमध्ये. घरचे ओरडतील, ओरडू द्यावं. लॅमिनेशन मात्र कुणी कितीही सांगितलं तरी करू नका.

आणि फक्त परदेशी बायकांत अडकू नका. आपल्याकडची पहिलवान हमीदा बानू, तिने 1954 मध्ये बडोद्यात बाबा पहलवान या पुरुष मल्लाला 1 मिनिट 34 सेकंदांत लोळवलं होतं. कुणाच्या आजोबांच्या ट्रंकेत त्या काळचे पेपर असतील तर मागून घ्या. तो कागद घडीवरच तुटतो, म्हणून घडीत दिसतं तेवढ्याचा फोटो आधी काढा. मग खाली जाड पुठ्ठा सरकवा आणि पंखा बंद करून एकेक घडी उघडा.