खरी जहाल मिरची कशी ओळखावी आणि कशी विकत घ्यावी

जहाल मिरची घ्यायची म्हटले की आपण सर्वांत लाल ढिगाकडे वळतो आणि नेमकी तेथेच फसगत होते. मिरचीला रंग येतो तो कॅरोटिनॉइड द्रव्यांमुळे, तिखटपणा येतो तो कॅप्सेसिनमुळे. म्हणूनच सुरकुतलेली ब्याडगी लालभडक असूनही सौम्य असते आणि चिमुकली लवंगी डोळ्यांतून पाणी काढते.

आधी किती तिखट हवे ते ठरवावे. तिखटपणा मोजण्याची स्कोव्हिल पद्धत 1912 पासून चालत आली आहे. त्या मापाने ब्याडगी दहा-पंधरा हजारांच्या आसपास असते, गुंटूरकडची तेजा साधारण पन्नास हजार ते एक लाख, तर 2007 मध्ये गिनीज विक्रम नोंदवणारी ईशान्य भारतातील भूत जोलोकिया दहा लाखांच्या वर जाते. मिसळीच्या कटाला किंवा ठेच्याला लवंगी अथवा तेजा पुरेशी होते. भूत जोलोकिया हौसेनेच घ्यावी आणि तीही मोजकीच.

सुक्या मिरचीचा नवा माल फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये मुबलक येतो, त्या वेळी पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डातील भुसार बाजारात जावे. हिरव्या लवंगीसाठी मंडई सोयीची. ढिगाच्या वरच्या थरावर न जाता आतून मूठभर मिरच्या काढाव्यात. देठ शाबूत असावा, मिरची हलवल्यावर बिया खुळखुळाव्यात आणि दाबल्यावर ती कडकडून मोडावी. वाकवूनही न मोडणारी मिरची ओलसर असते. तिचे वजन जास्त भरते आणि घरी आणल्यावर तिला बुरशी धरते. पांढरे पडलेले किंवा कुबट वासाचे नग सरळ बाजूला सारावेत.

भूत जोलोकिया ओळखण्याची खूण म्हणजे तिची खडबडीत, चुरगळलेली साल, देठाकडे फुगीर आणि टोकाकडे निमुळता आकार, आणि ताज्या फळाला येणारा फळांसारखा वास. ती अख्खीच घ्यावी. एकदा पूड झाली की तीत काय मिसळले आहे हे डोळ्यांना कळत नाही.

चव घेऊन पाहण्यात बहुतेकांचे चुकते, कारण ते मिरचीचे टोक चावतात. तिखटपणा बियांत नसून त्या ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात तिच्यात, म्हणजे देठाजवळ, सर्वाधिक असतो. त्यामुळे टोक सौम्य लागले तरी मिरची सौम्य असेलच असे नाही. देठाजवळचा कण जिभेला नुसता लावावा. भूत जोलोकियाच्या बाबतीत तेही करू नये: तिच्या सालीच्या आतल्या बाजूलाही कॅप्सेसिन असते. जीभ पोळलीच तर दूध किंवा दही घ्यावे. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही.

घरी देठ खुडताना हातमोजे घालावेत, आणि उघड्या हाताला लागले तर आधी तेल चोळून मग साबणाने धुवावे. कांडप गिरणीत अशी मिरची नेताना गिरणीवाल्याला आधी सांगावे आणि ती सर्वांत शेवटी दळायला लावावी, नाहीतर यंत्रात राहिलेली पूड पुढच्या गिऱ्हाइकाच्या मसाल्यात जाते.