पाळकसाहेबांचे चरित्र लिहायला घेताना

आधी पाळकांच्या (ख्रिस्ती धर्मगुरूंच्या) मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, नोंदवह्या मागून घ्या: बाप्तिस्मा, विवाह, दफन. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे मराठी, कन्नड, इंग्रजी मिसळलेले असते आणि एकच आडनाव तीन तऱ्हांनी लिहिलेले सापडते. नोंद जशीच्या तशी उतरवा, पान क्रमांक घाला; दुरुस्ती वेगळ्या रकान्यात. १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होते, तेव्हा जुने सरकारी कागद मुंबईतही शोधावेत. छापील लेखांसाठी १८४२ साली सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाचे अंक चाळा.

खरा ऐवज मात्र उपदेशांच्या वह्यांत असतो. गंजलेली टाचणी ओढलीत तर कागद फाटतो. तिच्याखाली पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवून ती हळूच सोडवा. चिकटपट्टी अजिबात नको, तिचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो. पानांवर क्रमांक पेन्सिलीनेच. समासातली टिपणे तर सोडूच नका. कुणाकडे ज्वारी पोचवायची, कुणाला दवाखान्यात न्यायचे, हे तिथेच सापडते आणि सेवेचा याहून चांगला पुरावा नाही.

कबरीवरचा लेख सकाळच्या तिरप्या उन्हात टिपा. शेवाळ मऊ ब्रशने आणि साध्या पाण्याने काढा. तारेच्या ब्रशने अक्षरेच झिजतात.