जुनं रिव्हॉल्व्हर घेताय? टायमिंग तपासताना या चुका टाळा

१९८० च्या दशकात नागरिकांसाठी हत्यारांची आयात थांबली. तेव्हापासून आपल्याकडे वेब्ली अँड स्कॉट, स्मिथ अँड वेसन आणि कोल्ट या परदेशी कंपन्यांची जी .३२ बोअरची रिव्हॉल्व्हरं होती, तीच एका परवानाधारकाकडून दुसऱ्याकडे फिरत आली आहेत. कानपूरला बनणारं सरकारी .३२ सुद्धा वेब्लीच्याच घडणीचं. अशा व्यवहारात विकणारा म्हणतो, "एकदम टाइट आहे," आणि घेणाऱ्याबरोबर आलेला जाणकार दोनदा खटखट करून म्हणतो, "टायमिंग गेलंय." बहुतेक वेळा दोघांनीही नीट तपासलेलं नसतं.

आधी टायमिंग म्हणजे काय ते बघू. हॅमर (काडतुसावर आघात करणारा मागचा खटका) मागे ओढला की आतला पॉल, म्हणजे सिलिंडर फिरवणारा छोटा दांडा, एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळ्या बाहेर काढणाऱ्या ताऱ्याच्या) दात्याला वर ढकलतो आणि सिलिंडर, म्हणजे काडतुसं ठेवायचा फिरता भाग, एक घर फिरतो. मग खालचा स्टॉप सिलिंडरवरच्या खाचेत बसून त्याला जागच्या जागी धरतो. हे सगळं हॅमर सुटायच्या आत व्हायला हवं. उशीर झाला तर चेंबर (काडतुसाचं घर) आणि नळी एका रेषेत नसतानाच गोळी निघते, नळीच्या तोंडाशी तासली जाते आणि शिशाचे कण बाजूला उडतात. शेजारी उभ्या असलेल्या माणसासाठी हे धोक्याचं आहे.

तपासणीआधी सगळे चेंबर डोळ्यांनी पाहा, बोटाने चाचपा. जिवंत काडतुसं त्या खोलीतही नकोत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे हॅमर खटकन ओढणं. वेगात फिरणारा सिलिंडर स्वतःच्या वजनाने पुढे जातो आणि झिजलेला पॉल जिथे कमी पडतो तिथेही खाचेपर्यंत पोचतो. दोष झाकला जातो. विकणारा मुद्दाम असं करतो असं नाही, सवयच तशी असते. तुम्ही हॅमर अंगठ्याने अगदी सावकाश ओढा आणि दुसऱ्या हाताचं बोट सिलिंडरला हलकेच टेकवून ठेवा, जेमतेम अडसर होईल इतकंच. हॅमर पूर्ण मागे अडकला की थांबा. आता सिलिंडर बोटाने पुढे सरकवल्यावर 'टिक' करून खाचेत बसला, तर ते घर उशिरा येतंय. त्यावर मार्करने खूण करा आणि पुढच्या घराकडे वळा.

सहाच्या सहा घरं तपासायची. लोक दोन-तीन घरं बघून समाधान मानतात, पण निदान तर सहाव्या घराशी पूर्ण होतं. एक-दोनच घरं उशिरा येत असतील तर त्या घरांचे दाते झिजलेत. सगळीच येत असतील तर संशय पॉलवर. या दोन दुरुस्त्या वेगळ्या आहेत आणि त्यांचा खर्चही वेगळा. मग हीच फेरी नुसत्या ट्रिगरने, तितक्याच सावकाश करा. हॅमर ओढून पास झालेलं हत्यार तिथे नापास होऊ शकतं.

स्मिथ अँड वेसनच्या बऱ्याच मॉडेलांत रिकाम्या चेंबरवर तपासणी केली की एक्स्ट्रॅक्टर थोडा हलतो आणि चांगलं टायमिंगही उशिराचं भासतं. चेंबरमध्ये रिकाम्या पुंगळ्या किंवा स्नॅप कॅप (सरावाची नकली काडतुसं) घालून पुन्हा बघा. आणि त्याआधी ब्रश घ्या. एक्स्ट्रॅक्टरच्या ताऱ्याखाली न जळलेल्या दारूचे कण अडकले की तो पूर्ण बसत नाही, सिलिंडर जड फिरतो. कितीतरी 'बिघडलेली' रिव्हॉल्व्हरं एवढ्या सफाईने सुधारतात. इजेक्टर रॉड (पुंगळ्या ढकलणारी सळई) सैल होऊन बाहेर आला असेल तरी तसंच अडकतं.

सिलिंडरभोवतीची चकचकीत रेघ पाहून नाक मुरडू नका. कोल्टच्या सिंगल ॲक्शनमध्ये (दरवेळी हॅमर हाताने ओढावा लागतो ते) अशी ठळक रेघ दिसली तर प्रश्न विचारा. स्मिथ अँड वेसनमध्ये मात्र स्टॉप सिलिंडरला घासतच चालतो, तिथे रेघ ही वापराची साधी खूण.

हलण्यावरून निकाल देताना ब्रँड लक्षात घ्या. जुन्या डबल ॲक्शन (नुसत्या ट्रिगरनेही चालणाऱ्या) कोल्टमध्ये ट्रिगर मागे धरला की पॉल सिलिंडरला दाबून धरतो आणि तो जवळजवळ हलतच नाही; स्मिथ अँड वेसनमध्ये किंचित डुगडुग चालते. म्हणून एकाची फूटपट्टी दुसऱ्याला लावू नये. वेब्ली तर ट्रिगर सोडलेल्या स्थितीत तपासण्यात अर्थच नाही. हॅमर पडल्यावर ट्रिगर दाबूनच ठेवा आणि मग सिलिंडर हलवून बघा.

वेब्ली आणि कानपूरच्या हत्यारांत खरा घोळ बिजागरीत असतो. ही मधून मोडून उघडणारी घडण. बिजागरीची पिन किंवा वरची कडी झिजली की नळीच फ्रेमवर हलते. स्टॉप वेळेवर बसतो, तरी चेंबर आणि नळी जुळत नाहीत. लक्षणं सगळी टायमिंगचीच, आणि पॉल बदलून पैसे वाया जातात. हत्यार बंद करून एका हाताने फ्रेम धरा, दुसऱ्याने नळी वर-खाली आणि आडवी हलवा. खडखड जाणवली तर मी तरी ते हत्यार घेणार नाही. पॉल नवा बसवता येतो. सैल बिजागरी पुन्हा घट्ट करणारा कारागीर मिळणं दुर्मीळ.

सिलिंडरचं पुढे-मागे सरकणं हा आणखी निराळा दोष. मोटार मेकॅनिककडे असतं तेच फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) नळी आणि सिलिंडरच्या फटीत घाला, सिलिंडर एकदा मागे आणि एकदा पुढे दाबून मोजा. दोन मापांतला फरक म्हणजे हे सरकणं. फट साधारण ०.१ ते ०.२ मि.मी. असावी, ०.३ च्या वर गेली तर नको. बाजूला उघडणारा सिलिंडर सिनेमातल्यासारखा मनगटाच्या झटक्याने बंद करत आलेल्या माणसाच्या हत्यारात तो धरणारा दांडा वाकलेला असू शकतो. सिलिंडर उघडा ठेवून फिरवा, डोलला की समजा.

टायमिंगशी संबंध नसला तरी एक गोष्ट सोडू नका. हॅमर पूर्ण चढवा, ट्रिगरला हात न लावता अंगठ्याने मागून बेताने पुढे रेटा. सुटला तर व्यवहार तिथेच थांबवा.

दोष सापडल्यावर घरी कानस हातात घेऊ नका. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे हत्यार दुरुस्तीलाही वेगळा परवाना लागतो, तुमचा बाळगण्याचा परवाना त्यासाठी चालत नाही. त्याच कलमानुसार खासगी विक्रीआधी विकणाऱ्याने जिल्हाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावं लागतं आणि किमान ४५ दिवस थांबावं लागतं. तेव्हा तपासणी परवानाधारक विक्रेत्याच्या दुकानात, त्याच्या कारागिरासमोर आणि ते पत्र जाण्याआधीच उरका.