उन्हाळ्यात कर्नाळ्याला पक्षी बघायला जाताय? मग हे वाचून जा

पनवेलहून पेणकडे जाणारी एसटी पकडा आणि पहाट झाली की गेटवर पोचायचा प्रयत्न करा, कारण मे महिन्यात नऊनंतर पक्षी सावलीत गप्प बसतात आणि आपण नुसते घाम पुसत फिरतो. अभयारण्य तसं छोटंच, साधारण 12 चौरस किलोमीटर. कपडे मातकट किंवा हिरवे घाला, पाणी माणशी दोन लिटर तरी घ्याच.

आता महत्त्वाचं. चालत सुटू नका! उन्हाळ्यात पाणी कमी असतं म्हणून जिथे थोडंसं पाणी दिसेल तिथून जरा लांब, झाडाला टेकून अर्धा तास बसा, मोबाईल सायलेंट. मला असाच भृंगराज दिसला, काळाभोर, शेपटीची दोन लांब पिसं, त्यांच्या टोकाला चपटे झुपके, उडाला की वाटतं दोन भुंगे त्याच्या मागे लागलेत. तो दुसऱ्या पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो, त्यामुळे नुसत्या आवाजावरून नाव लिहू नका, पक्षी दिसेपर्यंत थांबा. मेच्या शेवटी गेलात तर नवरंगाची दोन सुरांची शीळ ऐका, पाऊस जवळ आला की तो घालतो.

अभयारण्यातल्या कर्नाळा किल्ल्याच्या सुळक्यावर मधमाश्यांची मोठी पोळी असतात, तिकडे सेंट मारून जाऊ नका, आरडाओरडा तर अजिबात नको. माकडांना खाऊ घालू नका प्लीज, आणि स्पीकरवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलवू नका, हे त्यांचे घरट्याचे दिवस असतात हो.