टर्बोप्रॉप स्वतः उडवताय? सरावातल्या या चुका टाळा

पिस्टन इंजिनावरून टर्बोप्रॉपवर, म्हणजे टर्बाइन इंजिनाने प्रोपेलर फिरवणाऱ्या विमानावर, आलेल्या खासगी वैमानिकाला विमान तीस हजार फुटांच्या आसपास नेता येतं, पण सराव बहुतेकदा जुन्याच वळणाचा राहतो. अमेरिकेत ५,६७० किलोपर्यंतच्या टर्बोप्रॉपला सहसा वेगळं टाइप रेटिंगही (त्या विशिष्ट मॉडेलसाठीचा परवाना) लागत नाही. एअरलाइनच्या वैमानिकाला कंपनी शिस्त लावते, मालक-वैमानिकाला ती स्वतःच लावून घ्यावी लागते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे केबिनमधला हवेचा दाब घटत असताना ऑक्सिजन मास्क चढवणं मागे टाकणं. ५ सप्टेंबर २०१४ रोजी टीबीएम ९०० हे एक इंजिनाचं टर्बोप्रॉप न्यूयॉर्क राज्यातून फ्लोरिडाकडे २८,००० फुटांवरून चाललं होतं. एक इंडिकेशन बरोबर नाही, म्हणून वैमानिकाने १८,००० पर्यंत खाली यायला परवानगी मागितली. कंट्रोलरने आधी २५,००० दिले. वैमानिक शांतपणे आणखी खाली येऊ द्या म्हणत राहिला, आणीबाणी मात्र जाहीर केली नाही. थोड्याच वेळात त्याचं बोलणं अडखळलं आणि मग उत्तरं थांबली. विमान तसंच उडत राहिलं आणि जमैकाजवळ समुद्रात कोसळलं. २८,००० फुटांवर मास्कशिवाय भान शाबूत राहतं ते जेमतेम अडीच-तीन मिनिटं, आणि दाब झटक्यात गेला तर त्याहून कमी. म्हणून केबिन प्रेशरची शंका आली की क्रम एकच: मास्क, मास्कच्या मायक्रोफोनवर बोलणं, आणीबाणी जाहीर करणं आणि लगेच खाली येणं. हे नुसतं वाचून येत नाही. जमिनीवर बसून मास्क खरोखर ओढून, चढवून, त्यातून बोलून पाहा. चष्मा किंवा हेडसेट आडवा येतो का, हेही तेव्हाच कळतं.

दुसरी चूक इंजिन सुरू करतानाची. बॅटरी कमकुवत असेल तर गॅस जनरेटर (इंजिनाचा आत हवा ओढणारा फिरता भाग) पुरेसा फिरत नाही आणि तशात इंधन सोडलं की तापमान झपाट्याने चढतं. पीटी६ या नेहमीच्या टर्बोप्रॉप इंजिनावर एनजी (गॅस जनरेटरचा वेग) किमान आकड्यावर येऊन स्थिरावल्याशिवाय इंधन सोडणारा कंडिशन लिव्हर पुढे करू नका, आणि आयटीटीवरून (टर्बाइनमधलं तापमान) नजर हटवू नका. काटा मर्यादेकडे धावतोय असं दिसलं की वाट न पाहता इंधन तोडा. स्टार्टर मात्र मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे चालू ठेवा, म्हणजे आतली उष्णता बाहेर पडेल. लिव्हर पुढे करतानाच तो परत ओढायची तयारी हवी.

इंजिन बंद पडण्याचा सराव लोक पॉवर आयडलला, म्हणजे सर्वात कमीवर, ओढून करतात. तिथे प्रोपेलर फेदर झालेला नसतो (पाती हवेला कमी अडतील अशी वळलेली नसतात), उलट तो ब्रेकसारखा ओढतो. त्यामुळे खऱ्या प्रसंगी विमान किती लांब तरंगेल याचा अंदाज चुकतो. थोडा टॉर्क (प्रोपेलर फिरवणारा जोर) ठेवून फेदरची स्थिती कशी आणायची, हे आपल्या मॉडेलच्या प्रशिक्षकाकडून समजून घ्या. टेकऑफनंतर लगेच इंजिन जाण्याचा सराव सिम्युलेटरवरच करा, आणि काय बिघडणार ते आधी सांगू नका, असं प्रशिक्षकाला बजावा.

चेकलिस्ट पाठ आहे म्हणून वाचायची नाही, ही सवय मोडा. २०१७ मध्ये मेलबर्नच्या एसेंडन विमानतळावर किंग एअर हे एक दोन इंजिनांचं टर्बोप्रॉप उड्डाण करताच कोसळलं आणि पाचही जणांचा मृत्यू झाला. रडर ट्रिम (शेपटीवरच्या सुकाणूला एका बाजूला धरून ठेवणारी सेटिंग) पूर्ण डावीकडे राहिलं होतं, असा तपासाचा निष्कर्ष निघाला. एकट्याने उडतानाही ट्रिमवर बोट ठेवून आकडा मोठ्याने म्हणा.

अप्रोचचंही (उतरण्यासाठी धावपट्टीकडे येण्याचं) तसंच. ५०० फुटांवर वेग, उतरण्याचा दर आणि दिशा यांतलं एकही जुळत नसेल तर गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर जायचं, हे उड्डाणाआधीच ठरवून टाका. आणि तेव्हा पॉवर लिव्हर एकदम ढकलू नका. बहुतेक टर्बोप्रॉप कमी वेगात टॉर्क वाढताच डावीकडे झुकतात, म्हणून पॉवर सावकाश वाढवा आणि उजवा रडर त्याच वेळी द्या.