परदेशातल्या कॅम्पसवर पहिल्या महिन्यात काय काय उरकावे

परदेशी विद्यापीठात गेल्यावर पहिला महिना कसा सरतो ते कळतही नाही. पण पुढच्या अडचणी टाळण्याची बरीचशी कामे याच महिन्यात होतात.

सर्वात आधी इंटरनॅशनल ऑफिस गाठा. पासपोर्ट, व्हिसा, प्रवेशपत्र आणि राहण्याचा पत्ता सोबत न्या आणि नोंदणी पक्की झाली का, ते विचारून घ्या. पुढे खोली बदलली तर तेही कळवा. अमेरिकेत एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असाल तर त्यासाठी १० दिवसांची मुदत असते. आजारी पडल्यावर आधी कॅम्पसवरच्या दवाखान्यात जायचे की बाहेर, आणि विम्यातून काय मिळते, हे ताप येण्याआधीच माहीत हवे.

दुसरे काम सिलॅबसचे. प्रत्येक विषयाचा सिलॅबस शेवटच्या ओळीपर्यंत वाचा आणि सगळ्या डेडलाइन एकाच कॅलेंडरमध्ये उतरवून काढा. युरोपात अभ्यासाचा भार ईसीटीएस या सामायिक पद्धतीच्या क्रेडिटमध्ये मोजतात, आणि एक क्रेडिट म्हणजे साधारण २५ ते ३० तासांचे काम. म्हणजे ५ क्रेडिटच्या विषयाला १२५ ते १५० तास लागणार, आणि त्यातला मोठा वाटा वर्गाबाहेरचा. हा हिशेब करूनच विषय निवडा.

आता सर्वात महत्त्वाचे: ऑफिस अवर्स. आठवड्यातले ठरावीक तास प्राध्यापक खास विद्यार्थ्यांसाठी मोकळे ठेवतात. अनेकांना वाटते, शंका मोठी असेल तरच जावे, उगाच त्यांचा वेळ कशाला घ्या. हा संकोच खरोखर महागात पडतो. दुसऱ्याच आठवड्यात जा. वहीचे अडलेले पान उघडून समोर ठेवा आणि बोट ठेवून सांगा, ‘इथपर्यंत कळलं, या ओळीपासून पुढे नाही.’ ‘काहीच कळत नाही’ म्हणण्यापेक्षा याचा फार उपयोग होतो, कारण समोरच्याला नेमके कुठून सुरू करायचे ते समजते. दहा मिनिटे पुरतात. पुढे शिफारसपत्र मागायची वेळ येते, तेव्हा तुम्हाला ओळखणारे कोणीतरी असते.

पहिला निबंध देण्याआधी संदर्भ देण्याची पद्धत शिकून घ्या. दुसऱ्याचा विचार स्वतःच्या शब्दांत मांडला तरी मूळ लेखकाचा उल्लेख लागतोच. लायब्ररीत किंवा रायटिंग सेंटरमध्ये हे शिकवतात, बहुधा मोफत. एआय वापरायला परवानगी आहे का, तेही विषयागणिक विचारा.

एखादा विषय झेपत नसेल तर तो परस्पर सोडू नका. अमेरिकेत पदवीच्या एफ-१ विद्यार्थ्याला सत्रात साधारण किमान १२ क्रेडिट घ्यावे लागतात. इंटरनॅशनल ऑफिसच्या परवानगीशिवाय त्याखाली गेलात तर व्हिसाच अडचणीत येतो.

नोकरीचेही तसेच. सत्र चालू असताना अमेरिकेत कॅम्पसवर आठवड्याला २० तास, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास, जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस अशा मर्यादा आहेत. नियम बदलतात, त्यामुळे रुजू होण्याआधी पुन्हा खात्री करा. रोख पैसे देऊन जादा तास करून घेणाऱ्याला सरळ नाही म्हणा.

आणि एकटेपणा. तो बहुतेकांना येतो, विशेषतः सुरुवातीची धावपळ ओसरल्यावर. क्लबांच्या मेळ्यात दहा ठिकाणी नाव देण्यापेक्षा एकच गट निवडा आणि दर आठवड्याला न चुकता जा. दर वेळी तेच चेहरे दिसले की ओळख आपोआप होते. झोप उडाली, वर्गात जावेसे वाटेना, असे दोन आठवडे चालले तर कॅम्पसवरच्या समुपदेशकाची वेळ घ्या. तिथे अनेकदा प्रतीक्षायादी असते, म्हणून परीक्षा येईपर्यंत थांबू नका.